पासिंग किती शिल्लक आहे?

आमची डिझेल स्विफ्ट २०२५ च्या डिसेंबरात विकली. एमएच १५ म्हणजे नाशिकची, ऑक्टोबर २०१२ चं पासिंग (आरटीओतलं रजिस्ट्रेशन), १ लाख ७१ हजार किलोमीटर, पहिल्यापासून आमच्याच नावावर. १ लाख ९५ हजार आले. हीच गाडी २०२१ च्या डिसेंबरात आमच्या कॉलनीतलेच एक जण ३ लाख ४० हजारांना मागत होते आणि मी दिली नव्हती. मधल्या चार वर्षांत काय झालं ते सविस्तर लिहितोय, कारण गेल्या काही दिवसांत ओळखीच्या तिघांनी "डिझेल गाडी विकू का ठेवू?" म्हणून फोन केला. तिघांच्याही बोलण्यात भाव होता, अफवा होत्या, दिल्ली होती. गाडी महिन्याला किती चालते, हे मात्र एकानेही आपणहून सांगितलं नाही.

२०१२ साली डिझेल घेण्यात चूक नव्हती. तेव्हा डिझेलचा भाव सरकार ठरवायचं आणि पेट्रोलपेक्षा लिटरमागे वीसेक रुपयांनी ते स्वस्त होतं. त्या काळात देशात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त डिझेलच्या असायच्या. आम्हीही नंबर लावून, काही महिने थांबून, दसऱ्याला गाडी आणली. ऑनरोड सात लाखांच्या आसपास पडली. माझी नोकरी सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत, घर पाथर्डी फाट्याला. जाऊन-येऊन रोजचे साठ किलोमीटर, वर शनिवार-रविवारी गावाकडे फेरी. महिन्याला दीड हजार किलोमीटर आरामात व्हायचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव बाजारावर सोडले आणि दोन्हींतलं अंतर कमी होत गेलं, तरी एवढ्या रनिंगला डिझेलच परवडत होतं.

मग २०२१ च्या मार्चमध्ये मी अंबडला लागलो. घरापासून पाच किलोमीटर. महिन्याचं रनिंग तीनशेवर आलं.

माझ्या मते गाडी विकायची वेळ तीच होती. बाजारात त्या दिवशी काय भाव होता, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. डिझेल गाडी ज्या कामासाठी घेतली होती, ते काम संपलं होतं.

हिशोब अगदी साधा आहे. २०२५ चे आमच्या नाशिकचे भाव धरले तर पेट्रोल साधारण १०४, डिझेल ९१. डिझेल गाडी वीसचं ॲव्हरेज देते आणि तशीच पेट्रोल गाडी सोळाचं, असं धरू. महिन्याला दीड हजार किलोमीटर चालवलं तर डिझेलला ६,८२५ रुपये लागतात, पेट्रोलला ९,७५०. जवळपास तीन हजार वाचतात. तीनशे किलोमीटरला हाच फरक ५८५ रुपये. म्हणजे वर्षाचे सात हजार. माझ्या गाडीचा एक इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा पार्ट) २०२३ मध्ये गेला, तेव्हा मजुरीसकट चौदा हजार झाले. दोन वर्षांची बचत एका दुपारी संपली. शिवाय डिझेल इंजिन पाच किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी नसतंच. ते नीट तापायच्या आत आपण गाडी बंद करतो, ईजीआरमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) काजळी साचते, बॅटरी पूर्ण चार्ज होत नाही. आमच्या मिस्त्रींनी मला दोनदा सांगितलं होतं, "साहेब, हिला हायवे दाखवा, नाहीतर विका." मी महिन्यातून एकदा कसारा घाटापर्यंत नेऊन आणायला लागलो. इंजिन बरं राहावं म्हणून डिझेल जाळायचं, असं ते चाललं होतं.

मग २०२१ मध्ये ३ लाख ४० हजार का नाकारले? कारण तेव्हा भाव चढत होते. एप्रिल २०२० ला बीएस-६ (भारत स्टेज-६) हे गाड्यांच्या धुराचं नवं, कडक मानक लागू झालं आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. सुरुवातीला सगळे म्हणाले, आता पार्ट मिळणार नाहीत, जुन्या डिझेलला कोण विचारणार. झालं उलटंच. चिपच्या तुटवड्याने नव्या गाड्यांना महिनोन्‌महिने वेटिंग लागलं, कोविडमुळे लोकांना स्वतःची गाडी हवी झाली, आणि जुन्या गाड्यांचे भाव वर गेले. एका एजंटने मला सांगितलं, "हे इंजिन आता बनत नाही, हिचा भाव वाढतच जाणार." पहिलं वाक्य खरं होतं, म्हणून मी दुसऱ्यावरही विश्वास ठेवला. इंजिन बनत नव्हतं, पण माझी गाडी दर वर्षी एका वर्षाने जुनी होतच होती.

जुन्या डिझेल गाडीचा भाव दोन कारणांनी पडतो आणि ती दोन्ही आपण एकत्र धरतो, असं मला आता वाटतं. एक पडणं बातमीचं असतं, दुसरं कॅलेंडरचं. बातमीने पडलेला भाव बऱ्याचदा सावरतो. कॅलेंडरने पडलेला कधीच परत येत नाही.

गेल्या दहा वर्षांत बातम्या किती आल्या बघा. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी सांगितली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मे २०२३ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाच्या एका समितीने शिफारस केली की दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेल चारचाकी बंद कराव्यात. नाशिक त्यात आलंच. ती शिफारस सरकारने स्वीकारलेली नव्हती, पण आमच्या इथे गाडीबाजारात आठवडाभर तीच चर्चा. १२ सप्टेंबर २०२३ ला गडकरींनी डिझेल गाड्यांवर आणखी दहा टक्के जीएसटीचं बोलून दाखवलं आणि असा प्रस्ताव सध्या नाही, हा खुलासाही त्याच दिवशी केला. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करता येतील का, हे बघायला समिती नेमली. १ जुलै २०२५ ला दिल्लीत जुन्या गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं बंद केलं आणि दोन-तीन दिवसांत तो निर्णय थांबवला.

मला हे मनापासून खटकतं. प्रदूषण कमी व्हायलाच हवं, माझ्या घरात दम्याचा रुग्ण आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नियम एकदा नीट ठरवा, तारीख सांगा, आणि त्या तारखेवर राहा. ज्याने कर्ज काढून गाडी घेतली, रोड टॅक्स पंधरा वर्षांचा एकदम भरला, आणि तोही महाराष्ट्रात पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त, त्याला दर सहा महिन्यांनी घाबरवून काय मिळतं? अशा बातमीच्या दुसऱ्या दिवशी फायदा होतो तो फक्त घाबरलेल्याकडून गाडी घेणाऱ्याचा.

मी बातमीला घाबरून विकली नाही, पण वाढीच्या आशेने थांबलो. दोन्हीत नजर भावावरच असते. चार वर्षांत गाडीचे १ लाख ४५ हजार कमी झाले, वर विमा, बॅटरी, इंजेक्टर. तेव्हा विकून दुसरी छोटी गाडी घेतली असती तर तिचाही भाव उतरलाच असता, हे खरं आहे. पण ती पाच किलोमीटरच्या कामाला योग्य असती, आणि तिला घेऊन कारण नसताना कसाऱ्याला जावं लागलं नसतं.

विकायचं शेवटी ठरवलं ते ऑगस्ट २०२५ मध्ये, आणि त्याला कारण पासिंग. आपल्याकडे खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. माझं ऑक्टोबर २०२७ ला संपणार होतं. पुढे आरटीओत तपासणी करून पाच वर्षं वाढवून मिळतात, पण २०२२ पासून नूतनीकरणाची फीच पाच हजार झाली आहे, वर पर्यावरण कर, आणि तपासणीआधीचं गाडीचं काम वेगळं. घेणारा माणूस हे सगळं आधीच मनात वजा करतो. मी ज्यांना ज्यांना गाडी दाखवली, त्यातल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न इंजिनबद्दल नव्हता. "पासिंग किती शिल्लक आहे?" दोन वर्षं म्हटलं की चेहरा ठीक. पावणेदोन म्हटलं की लगेच बोटांवर मोजणी.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. गाडी आठ-दहा वर्षांच्या पुढे गेली की तिच्यावर कर्ज मिळणं अवघड होतं. म्हणजे त्यानंतर तुमचं गिऱ्हाईकच बदलतं, उरतो फक्त रोखीने घेणारा. आमच्या भागात त्याच्या हातात पैसा कधी येतो, ते टोमॅटो, कांदा आणि द्राक्षांवर ठरतं. नववं वर्ष संपायच्या आत विकली असती तर हप्त्यावर घेणारेही आले असते, आणि चार गिऱ्हाइकं असली की भाव आपोआप सुधारतो.

ऑगस्टमध्ये २ लाख ३० हजारांपर्यंत बोलणी गेली होती. मी म्हटलं, दसऱ्यापर्यंत बघू. ३ सप्टेंबरच्या रात्री जीएसटी कौन्सिलने छोट्या गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आणला. छोट्या डिझेलवर तोवर सेससकट ३१ होता. लागू होणार २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेला. मधे ८ ते २१ पितृपक्ष. त्या पंधरवड्यात नवी घ्यायला कोणी तयार नव्हतं, जुनीला हात लावायला तर नाहीच. आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्यावर जुनीचा भाव तिथेच कसा राहील? त्यात दसरा-दिवाळीला लोकांनी एक्स्चेंजमध्ये जुन्या गाड्या दिल्या, त्या सगळ्या नोव्हेंबरात बाजारात आल्या. मला फोनवर २ लाख ४० हजार सांगणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीचा माणूस गाडी बघून गेला आणि १ लाख ५५ वर आला. एका दाराला मागे पुन्हा रंग दिलेला होता, तेवढं कारण पुरलं. मी नाही म्हटलं.

डिसेंबर उजाडला तेव्हा मात्र मी मनाशी पक्कं केलं की ३१ तारखेच्या आत द्यायची. १ जानेवारीला तीच गाडी तेरा ऐवजी चौदा वर्षांची म्हणवली जाते, गाडीचं वय धरताना बाजार महिने मोजत नाही.

घेणारा मिळाला पिंपळगाव बसवंतजवळचा. शेती औषधांचं दुकान, गावोगाव फिरती, महिन्याला अडीच हजार किलोमीटर. सोबत मिस्त्री घेऊन आला. थंड इंजिनवर सेल्फ मारून बघितला, ऑइलचं झाकण काढून बघितलं, टर्बोचा आवाज ऐकला, पांडवलेणीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये नेली, सर्व्हिसची सगळी बिलं चाळली. ती बिलं मी तेरा वर्षं एका फायलीत लावली होती. १ लाख ९५ ला ठरलं, अकरा हजार विसार दिला.

चारच दिवसांनी, १७ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या जुन्या गाड्यांना कारवाईपासून ऑगस्टमध्ये दिलेलं संरक्षण फक्त बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच घेणाऱ्याच्या काकांचा फोन. "डिझेल बंद होणार म्हणतात, अजून वीस कमी करा." मी त्यांना सांगितलं की हा आदेश दिल्ली परिसराचा आहे, आपली गाडी एमएच १५ आहे, आणि तसंही आरसी बुकावर भारत स्टेज-४ आहे, एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बघा. मुंबईच्या समितीबद्दलही सांगितलं, लपवलं नाही. उद्या तिकडे काही नियम आला तर तुमचा मुंबईला जायचा प्रश्न येऊ शकतो, पण तुमचं काम निफाड-दिंडोरीत आहे. त्यांनी पाच मिनिटं विचार केला आणि ठरलेलेच पैसे आरटीजीएसने आले. आकड्यावर अडून बसलो असतो तर एवढं शांतपणे बोलता आलं नसतं. मला गाडी द्यायची होती, आणि त्या माणसाला तशी गाडी खरंच हवी होती.

म्हणून फोन करणाऱ्या तिघांना मी वेगवेगळं सांगितलं. मेहुण्याची २०१७ ची डिझेल आहे, पुणे-सोलापूर सतत, महिन्याला दोन हजारांवर. त्याला म्हटलं, ठेव, आणि बातम्या बघून हलू नकोस. ऑफिसातल्या मित्राची २०१६ ची सोसायटीत उभीच असते. त्याला म्हटलं, दहावं वर्ष भरायच्या आत, मिळेल त्या रास्त भावाला दे. तिसऱ्याची बीएस-६ आहे, डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा सारखा लागतो कारण तो फक्त गावातल्या गावात चालवतो. त्याच्याशी अजून बोलणं चालू आहे.

एक गोष्ट तिघांनाही सारखीच सांगितली. पैसे आले म्हणजे विक्री झाली असं समजू नका. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, कोरे न ठेवता, तारीख घालून द्या आणि फोटो काढून ठेवा. कर्ज फिटलं असेल तरी आरसीवरचा बँकेचा बोजा उतरला आहे का बघा. आणि नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरटीओत ज्याचं नाव आहे त्याची, गाडी मधे कितीही हातांतून गेलेली असो. माझी गाडी घेणाऱ्याला मी आधीच सांगितलं होतं की नाव चढेपर्यंत दुसरी चावी माझ्याकडे राहील, आणि त्याने आनंदाने मान्य केलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ॲपवर नवीन नाव दिसलं. त्या रविवारी चावी आणि बिलांची फाइल घेऊन पिंपळगावला गेलो. गाडी दुकानासमोर उभी होती, मागच्या सीटवर औषधांची खोकी, काचेवर धूळ. महिन्याभरात २,४०० किलोमीटर झाले होते.