इंजिन बंद, प्रेशर चाळीस

गाडीत मीटरं जेवढी कमी तेवढा माणूस सुखी, असं माझं हल्ली पक्कं मत झालंय. माझ्या जुन्या जिप्सीत ऑइलसाठी वर्षानुवर्षं एकच सोय होती, डॅशबोर्डवरचा लाल दिवा. चावी फिरवली की लागायचा, इंजिन चालू झालं की विझायचा, विझला की आपण निघायचं. आता हा दिवा ऑइलचं प्रेशर पार तळाला, म्हणजे पाच-सात पीएसआयवर (हे प्रेशरचं माप) आल्याशिवाय लागत नाही आणि तो लागेपर्यंत आत बेअरिंगचं भजन सुरू झालेलं असू शकतं, ही माहिती मला तेव्हा नव्हती म्हणून झोप छान लागायची.

मग मेहुणा आला. "दाजी, मे महिन्यात करूळ घाट चढवताय, मागं चार माणसं, वर कॅरियरवर सामान. ऑइलचं पार पाणी हुतंय. ऑइल कूलर टाका." आणि लगेच पुढचं वाक्य, "कूलर टाकताय तर प्रेशर गेज पण टाका, म्हणजे कळंल तरी." हे 'कळंल तरी' मला फार महाग पडलं.

काम तसं सोपं असतं. ऑइल फिल्टर काढायचा, त्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची एक जाड चकती बसवायची, तिला सँडविच प्लेट म्हणतात, तिच्यावर परत फिल्टर, आणि प्लेटमधून दोन होज पाइप रेडिएटरपुढच्या छोट्या कूलरला. ऑइल तिकडं जाऊन वारा खाऊन परत येतं. प्लेटच्या बाजूला एक भोक असतं, त्यात गेजचा सेन्सर. उद्यमनगरात मिस्त्रींनी दुपारभरात सगळं बसवलं, कूलर आणि पाइप भरायला अर्धा लिटर ऑइल जास्तीचं ओतलं, लीक बघितला, काही नाही. सेन्सरला मात्र त्यांनी नळाची पांढरी टेप अशी मनापासून गुंडाळली की मला त्यांच्या कामाबद्दल आदरच वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली आणि काटा सरळ 100 वर जाऊन टेकला, म्हणजे त्याच्या पुढं जायला जागाच नव्हती म्हणून थांबला. ऑइल थंड असतं, घट्ट असतं, सकाळी प्रेशर जास्त दिसतंच असं वाचलेलं होतं म्हणून गप्प बसलो. पण रंकाळा गेला, सिग्नल गेला, ऑफिस आलं, इंजिन चांगलं तापलं, तरी आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, काटा 75. गरम इंजिनात ढोबळ हिशोब असा की दर हजार आरपीएमला 10 पीएसआय आणि आयडलिंगला पंधरा-वीस दिसलं तरी माणसानं देवाचे आभार मानावेत. वर ऑइलच्या पंपाला रिलीफ व्हॉल्व्ह असतो, साठ-सत्तरच्या आसपास तो उघडून जास्तीचं ऑइल परत इंजिनाखालच्या चेंबरमधे, म्हणजे संपमधे, सोडून देतो. म्हणजे 75 हे आयडलिंगला दिसायलाच नको आणि इथं तर तो काटा भाड्यानं खोली घेतल्यासारखा तिथं राहत होता.

त्या दिवसापासून माझं रस्त्याकडं लक्ष कमी आणि काट्याकडं जास्त. बायको म्हणाली, "अहो, समोर बघा, म्हैस आहे." मी म्हटलं, "ऐंशी झालंय." ती म्हणाली, "तुमचं स्वतःचं कधी मोजलंय का?"

आता ऑइल प्रेशर या विषयावर कोल्हापुरात मत नसलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. मिस्त्री म्हणाले रिलीफ व्हॉल्व्ह जाम झालाय, "संप उतरवूया." मेहुणा फोनवर म्हणाला ऑइल घट्ट आहे, 20डब्ल्यू50 काढा आणि पातळ 10डब्ल्यू30 टाका. टाकलं. चांगलं ऑइल ड्रममधे गेलं, नवीन ऑइलचे पैसे गेले, काटा जागचा हलला नाही. किट विकणारा दुकानदार म्हणाला, "नवीन हाय न्हवं, बसायला येळ लागतोय," जणू काही ते कोल्हापुरी चप्पल आहे. शेजारचे आबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, त्यांनी बॉनेट उघडून, हात मागं बांधून बराच वेळ नुसतं बघितलं आणि म्हणाले, "पंप काय प्रेशर करत न्हाई बाळ, पंप नुसतं ऑइल ढकलतोय. वाटंत काय आडवं आलं की प्रेशर हुतंय. तुझ्या वाटंत काय आडवं आलंय ते बघ." हे अगदी शंभर टक्के बरोबर होतं आणि त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

मग मी आडवं काय आलंय ते बघायला लागलो. कूलरला हात लावला तर थंडगार! इंजिन तापलेलं, फिल्टरला बोट टेकवत नाही आणि कूलर माठासारखा. मिस्त्रींना फोन केला, ते जवळजवळ आनंदानं ओरडले, "चोकप! मी म्हणालो न्हवतो?" म्हणाले नव्हते, पण असो. त्यावर रात्री बसून त्या प्लेटचं माहितीपत्रक भिंग लावून वाचलं तेव्हा कळलं की प्लेटमधे थर्मोस्टॅट आहे, ऑइल 80 डिग्रीच्या वर गेल्याशिवाय तो कूलरचा रस्ता नीट उघडतच नाही. आमचं घर ते ऑफिस एवढ्या अंतरात पाणी तापतं, ऑइल बिचारं उशिरा तापतं. म्हणजे ज्या कूलरमुळं प्रेशर वाढलं म्हणून गावभर चर्चा चालू होती तो कूलर अजून कामावर रुजूच झाला नव्हता.

आणि मग पेट्रोल पंपावर ते घडलं. लाइन होती, इंजिन बंद करून चावी ऑनवर ठेवलेली, कारण रेडिओ चालू. सहज खाली बघितलं तर काटा चाळीसवर. इंजिन बंद. ऑइलचा पंप बंद. ऑइल सगळं खाली चेंबरात जाऊन पडलेलं, आणि प्रेशर चाळीस! मिस्त्रींना सांगितलं तर ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "कूलरमधी अडकून ऱ्हातंय ते." मी पुढं निघालो, डावीकडं वळायला इंडिकेटर दिला तर काटा इंडिकेटरच्या ठेक्यावर टिकटिक नाचायला लागला. हेडलाइट लावले, पाच खाली आला. हॉर्न दिला, दचकला. ऑइलला हॉर्न ऐकू येतो हे मिस्त्रींनासुद्धा पटवून देता आलं नसतं.

तेव्हा मी गाडी वायरिंगवाल्याकडं नेली. विशीतला पोरगा, कानात इअरफोन, माझी सगळी कहाणी (रिलीफ व्हॉल्व्ह, आबा, थर्मोस्टॅट, म्हैस) त्यानं ऐकली का नाही देव जाणे. चावी ऑन करायला लावली, एक हातभर वायर घेतली, एक टोक सेन्सरच्या बॉडीला टेकवलं, दुसरं बॅटरीच्या मायनसला. काटा धपकन शून्यावर पडला. "अर्थिंग गावंना झालंय दादा." एवढंच.

झालं होतं असं की त्या सेन्सरला वायर एकच, त्याचं अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, त्याच्या आट्यांमधून इंजिनला मिळायला पाहिजे. आट्यांवर नळाची टेप, खाली प्लेट ती काळी अ‍ॅनोडाइज केलेली, तो थर करंट जाऊ देत नाही, आणि प्लेट बसलेली रबरी ओरिंगवर. ह्या जातीच्या सेन्सरमधे प्रेशर वाढलं की रेझिस्टन्स वाढतो, म्हणून खराब अर्थिंगचा जो काही जास्तीचा रेझिस्टन्स होता तो गेज इमानदारीत प्रेशर समजून दाखवत होतं. गेजची काळी वायरही डॅशबोर्डमागं इंडिकेटर आणि लाइटच्या अर्थिंगलाच जोडलेली, म्हणून तो नाच. पोरानं टेप खरवडून काढली, सेन्सरच्या बॉडीला क्लिप मारून इंजिन ब्लॉकपर्यंत वायर ओढली, गेजची वायर वेगळ्या बोल्टला दिली आणि पैसे एवढे किरकोळ सांगितले की मला राग आला. ऑइल बदलायलाच त्याच्या कितीतरी पट गेले होते.

आता सकाळी थंड इंजिनाला साठ, तापल्यावर रस्त्याला चाळीस-पंचेचाळीस, सिग्नलला अठरा. परवा करूळ घाट चढवला, वर गगनबावड्याला चहाला थांबून कूलरला हात लावला तर चटकाच बसला, मला इतका आनंद झाला की टपरीवाला बघत राहिला. येताना मुद्दाम उद्यमनगरात गाडी घेतली, म्हटलं मिस्त्रींनाही दाखवावं. ते आत बसले, आयडलिंगला काटा अठरावर आलेला बघितला, कपाळाला आठी घातली, खाली उतरून इंजिनाला कान लावला.

"साहेब, प्रेशर लई कमी झालंय की ओ. संप उतरवूया."