तीन शहरं अमेरिकेचा अध्यक्ष ठरवतील? हिशोब मांडून बघा

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की आम्हा इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: इलेक्टोरल कॉलेज (म्हणजे जनतेऐवजी राज्याराज्यांतून ठरलेले 538 प्रतिनिधी, 'इलेक्टर', अध्यक्ष निवडतात ती पद्धत) रद्द केलं तर न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि शिकागो ही तीन शहरंच अध्यक्ष ठरवतील. घटनाकारांनी ही पद्धत लहान राज्यांच्या रक्षणासाठी आणली. भारतातही राष्ट्रपती निर्वाचक मंडळच निवडतं. आणि उमेदवार तर प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या मतदानात, जनताच ठरवते, मग तक्रार कसली?

पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण मी न्यू जर्सीत राहते, इथे मत देते, आणि यातला एकही मुद्दा मला पटत नाही. म्हणून एकेक घेते.

आधी शहरं. 2020 च्या जनगणनेत न्यूयॉर्कची लोकसंख्या 88 लाख, लॉस एंजेलिसची 39 लाख आणि शिकागोची साधारण 27 लाख होती. देशाची 33 कोटींच्या वर. म्हणजे ही तीन शहरं मिळून पाच टक्केही भरत नाहीत. पहिल्या दहा शहरांची बेरीज केली तरी आठ टक्क्यांच्या आसपासच थांबते. शिवाय शहरातली सगळी माणसं एकाच पक्षाला मत देतात, असं कुठे असतं? 2020 मध्ये ट्रम्प यांना टेक्सासपेक्षा कॅलिफोर्नियात जास्त मतं पडली होती, 60 लाखांहून अधिक. पण राज्यात जो पुढे त्यालाच तिथले सगळे इलेक्टर मिळतात, म्हणून त्या 60 लाख मतांतून त्यांना एकही इलेक्टर मिळाला नाही. थेट मोजणी असती तर ती सगळी मतं जमेस धरली गेली असती.

आता लहान राज्यं. वायोमिंगला तीन इलेक्टर आहेत, म्हणजे सुमारे 1 लाख 92 हजार लोकांमागे एक. कॅलिफोर्नियात 7 लाख 30 हजारांमागे एक. कागदावर वायोमिंगचं वजन जवळजवळ चौपट दिसतं. पण वायोमिंगमध्ये प्रचाराला जातं कोण? व्हरमाँटला, डेलावेअरला, नॉर्थ डकोटाला? निकाल आधीच ठरलेला म्हटल्यावर तिकडे कोणी फिरकत नाही. 2024 ची सगळी लढाई पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, अ‍ॅरिझोना आणि नेवाडा या सात राज्यांत झाली. त्यांतलं एकही तीन-चार इलेक्टरवालं लहान राज्य नाही. पेनसिल्व्हेनियाचे तर 19 इलेक्टर आहेत.

हे मी स्वतः पाहिलं आहे. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी आमच्या भागातून कार्यकर्त्यांची बस निघाली, डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत गेली. मीही होते. एका घराची बेल वाजवली, एक बाई बाहेर आल्या. दारामागच्या स्टुलावर पत्रकांचा गठ्ठा होता, दोन्ही पक्षांचा. आठवडाभर रोज कोणी ना कोणी येतंय, म्हणाल्या. मग मला विचारलं, तुम्ही राहता कुठे? नदीपलीकडे, मी म्हटलं. आमच्या गल्लीत त्या अख्ख्या निवडणुकीत एकाही पक्षाचा माणूस आला नव्हता. आमचं मत कुठे जाणार हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून मीच माझा शनिवार त्यांच्या दारात खर्च करत होते. नदीच्या अलीकडचा मतदार आणि पलीकडचा मतदार यांच्यात एवढा फरक का असावा, याचं पटेल असं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

घटनाकारांचा दाखला मात्र अर्धवट दिला जातो. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा, त्यामुळे प्रत्येकाला वाढीव दोन इलेक्टर मिळाले आणि त्याचा लहान राज्यांना लाभ झाला, हे मान्य. पण 19 जुलै 1787 रोजी फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत घटनाकार जेम्स मॅडिसन काय म्हणाले तेही वाचावं. जनतेने थेट निवडणं त्यांना सर्वांत योग्य वाटत होतं. अडचण त्यांनीच सांगितली: मताधिकार उत्तरेत जास्त पसरलेला, आणि दक्षिणेला आपल्या गुलामांच्या संख्येचा थेट निवडणुकीत काहीच उपयोग होणार नाही. इलेक्टरच्या पद्धतीने ती अडचण सुटली. पाच गुलामांमागे तीन माणसं लोकसंख्येत धरली गेली, मत एकालाही नाही, आणि त्या हिशोबाने मालकांच्या राज्यांचे इलेक्टर वाढले. पहिल्या 36 वर्षांपैकी 32 वर्षं अध्यक्ष व्हर्जिनियाचे होते. घटना झाली तेव्हा व्हर्जिनिया हे अशाच राज्यांपैकी, आणि सर्वांत जास्त लोकसंख्येचं राज्य होतं. लहान राज्यांचं रक्षण ते हेच का?

एक मत जास्त पडलं की राज्याचे सगळे इलेक्टर एकाला, हा नियमही घटनेत नाही. इलेक्टर कसे नेमायचे ते घटनेने राज्यांच्या विधिमंडळांवर सोडलं आहे. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं आजही ते काही प्रमाणात मतदारसंघवार वाटतात.

भारताशी केलेली तुलना मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती आपल्या लोकांना चटकन पटते. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य 175 आहे, सिक्कीमच्या आमदाराचं 7. का? कारण ते 1971 च्या लोकसंख्येवरून काढलेलं आहे. वजन लोकसंख्येला मिळतं, अमेरिकेसारखं उलटं नाही. आणि महाराष्ट्राचे 288 आमदार आपापलं मत वेगळं देतात, सगळी मतं एका पेटीत बांधून एकाच उमेदवाराला दिली जात नाहीत. लोकसभेचंच बघा. 2024 मध्ये महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांची मतं जवळजवळ सारखी होती, जागा 30, 17 आणि एक अपक्ष अशा वाटल्या गेल्या. अमेरिकेचा नियम लावला तर 48 च्या 48 जागा किंचित पुढे असलेल्या आघाडीला द्याव्या लागल्या असत्या. हे आपण कोणी चालवून घेतलं असतं का?

परिणाम समोर आहेत. 2000 मध्ये अल गोर देशभरात पाच लाखांहून अधिक मतांनी पुढे होते, फ्लोरिडातल्या 537 मतांनी हरले. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन 28 लाखांहून अधिक मतांनी पुढे असूनही हरल्या. आणि हे एकाच पक्षाचं रडगाणं नाही: 2004 मध्ये ओहायोत साठ हजार मतं फिरली असती तर तीस लाखांनी पुढे असलेले बुश हरले असते. काहीजण म्हणतात, थेट मोजणीत देशभर फेरमोजणीची वेळ येईल. लाखोंच्या फरकाला कोण फेरमोजणी मागतो? ती मागावी लागते 537 च्या फरकाला.

बदल अशक्यही नाही. 1969 मध्ये प्रतिनिधीगृहाने थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती 338 विरुद्ध 70 मतांनी मंजूर केली होती, अध्यक्ष निक्सन यांचा पाठिंबा होता, सिनेटमध्ये ती अडवली गेली. आता राज्यांचा करार पुढे सरकतो आहे. 2007 मध्ये मेरिलँडने सुरुवात केली, पुढच्याच वर्षी न्यू जर्सी सामील झालं. देशात ज्याला जास्त मतं त्याला आपले इलेक्टर, पण बहुमताला लागणाऱ्या 270 इलेक्टरांची राज्यं एकत्र आल्यावरच. त्यावर कोर्टकज्जे होतील. मला स्वतःला घटनादुरुस्तीच हवी आहे, पण तोवर हा करार स्वीकारायला माझी हरकत नाही.

राहिली प्रायमरी. 1968 मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले, पक्षाच्या अधिवेशनावेळी शिकागोत रस्त्यावर रक्त सांडलं, त्यानंतर नियम बदलले. पूर्वीपेक्षा आज बरं आहे, हे खरं. पण जनता म्हणजे कोण? आयोवा आणि न्यू हॅम्पशायर कित्येक दशकं आधी मत देत आली, आणि तिथे मागे पडलेले उमेदवार बरेचदा बाकीच्या राज्यांपर्यंत टिकत नाहीत. देशाचे चार विभाग करून त्यांचा क्रम दर वेळी बदलायचा, अशी योजना राज्यांच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट (बहुतेक राज्यांत निवडणुका सांभाळणारे अधिकारी) मंडळींच्या संघटनेने फार पूर्वीच मांडली आहे. तिच्यावर पक्षांनी गंभीरपणे बोलावं, एवढीच माझी मागणी आहे. 2024 मध्ये बायडेन आणि ट्रम्प या दोघांनीही 12 मार्चलाच पक्षाच्या उमेदवारीला पुरेसे प्रतिनिधी मिळवले होते. आमच्या न्यू जर्सीची प्रायमरी 4 जूनला होती.