मोठ्या रायफलीला मोठा स्कोप? भुवई फोडून घ्यायची असेल तर खुशाल लावा

परवा रात्री डॅलसहून भाच्याचा मेसेज आला. "मामा, हे वाच. मी हाच स्कोप मागवलाय." स्कोप म्हणजे रायफलीवर बसवायची नेमाची दुर्बीण. मेसेजखाली एक लांबलचक फॉरवर्ड होता, तिकडच्या आपल्या शिकारी मंडळींच्या ग्रुपवर महिनाभर फिरतोय म्हणे. त्याचा मथळा, "मॅग्नम रायफल घेतलीत? मग स्कोपही मॅग्नमच हवा!" मथळ्याखाली सहा मुद्दे, आणि शिफारस ६ ते २४ पट मोठं दाखवणाऱ्या, पुढे ५० मिलिमीटरचं भिंग असलेल्या स्कोपची. भाच्याने घेतली आहे ३७५ एच अँड एच, म्हणजे मॅग्नम (जास्त दारूच्या, जोरदार काडतुसाची) रायफल, आणि पुढच्या वर्षी त्याला अलास्कातल्या कोडियाक बेटावर तपकिरी अस्वलाच्या शिकारीला यायचं आहे. मी अँकरेजला राहतो, दर हंगामात रायफल घेऊन रानात जातो, म्हणून त्याने मला विचारलं. विचारलं तेही ऑर्डर देऊन झाल्यावर.

आधी तो मुद्दा घेतो ज्याने माणूस जखमी होतो. फॉरवर्डमधला तिसरा: "चित्र पूर्ण दिसेपर्यंत डोळा स्कोपजवळ न्या. धक्का खांद्यात जातो, स्कोप जागेवरच राहतो."

हे लिहिणाऱ्याने अशी रायफल कधी खांद्याला लावली असेल, असं मला वाटत नाही. स्कोप रायफलीवर स्क्रूने आवळलेला असतो. रायफल मागे आली की तोही मागे येतो. ३७५ ची ३०० ग्रेनची (साधारण १९ ग्रॅमची) गोळी सेकंदाला अडीच हजार फुटांच्या वेगाने सुटते, तेव्हा नऊ-साडेनऊ पौंडांची रायफल सेकंदाला साधारण पाच मीटरच्या वेगाने मागे येते. धक्क्याची ऊर्जा नेहमीच्या ३०-०६ रायफलीच्या जवळजवळ दुप्पट. डोळा आणि मागचं भिंग यांच्यात तीन इंच अंतर असेल, तर पापणी मिटायच्या आत ते संपलेलं असतं.

माझ्या उजव्या भुवईवर चंद्रकोरीच्या आकाराचा व्रण आहे. रायफल ३३८ होती, म्हणजे भाच्याच्या रायफलीपेक्षा सौम्यच. चढावर पालथा पडून वर नेम धरला होता. अशा वेळी मान पुढे सरकते आणि डोळा आपोआप स्कोपजवळ जातो, आपल्याला कळतही नाही. घोडा दाबला, आवाज झाला, आणि पुढच्या क्षणी डोळ्यात काहीतरी कोमट उतरलं. वाटलं घाम असेल. हात लावला तर बोटं लाल. चार टाके पडले. टाके वाळले, पण त्यानंतर वर्षभर घोडा दाबायच्या आधी डोळा मिटत होता, आणि डोळा मिटून कोणाचा नेम लागत नाही. ती सवय मोडायला टाके भरण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

म्हणून अशा रायफलीवर डोळा आणि भिंग यांच्यात चार इंच तरी मोकळे हवेत. पुष्कळ स्कोपांमध्ये पट वाढवले की हे अंतर आणखी घटतं आणि डोळा नेमक्या जागी नसेल तर कडेने काळोख येतो. मग माणूस चित्र शोधत पुढे सरकतो. कमी पटीच्या स्कोपात डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र जात नाही.

"स्कोप जागेवरच राहतो" यात एक अर्धं सत्य आहे. स्कोप खरंच जागेवर राहू बघतो, आणि त्याला ओढून मागे आणायचं काम त्याला धरून ठेवणाऱ्या रिंगा आणि ते चिमुकले स्क्रू करतात. ६-२४ चा तो स्कोप सातशे ग्रॅमच्या आसपास भरतो; दीड ते पाच पटीचा, पुढे २० मिलिमीटरचं भिंग असलेला स्कोप तीनशेच्या आत. दर गोळीला स्क्रूंवर अडीचपट भार. रिंगा जराही सैल असतील तर स्कोप हळूहळू पुढे घसरतो आणि नेम कुठे गेला ते कळत नाही. शिवाय ५० मिलिमीटरचं भिंग रायफलीच्या नळीला लागू नये म्हणून स्कोप उंच बसवावा लागतो, मग गाल दस्त्यावर टेकत नाही.

पहिला आणि दुसरा मुद्दा एकच आहे: जास्त पट म्हणजे जास्त अचूक. लक्ष्यफलकावर, टेबलाला रायफल टेकवून, हो. कोडियाकला आल्डरच्या झुडपांची दाट जाळी असते. जखमी अस्वल तिच्यात शिरलं तर त्याच्यामागे शिरावं लागतं, आणि ते वीस यार्डांवर उठतं. त्या स्कोपाचे सर्वांत कमी पट सहा. सहा पटीत वीस यार्डांवर जेमतेम एक मीटर रुंदीचं वर्तुळ दिसतं, तेही धूसर. त्यात मावतात फक्त केस. खांदा कुठे, डोकं कुठे, काही कळत नाही. दीड पटीत तेच वर्तुळ चार मीटरचं होतं, अख्खं जनावर आणि त्याच्या बाजूची झुडपं दिसतात. एक पटीचा असेल तर दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो. आणि लांबचं म्हणाल, तर दोनशे यार्डांवरच्या अस्वलाला चार-पाच पट भरपूर झाले.

अलास्काचं मासे व वन्यजीव खातं शिकाऱ्यांना जो सल्ला देतं, तो या फॉरवर्डवाल्याने वाचायला हवा होता. गाइडांची सर्वांत मोठी तक्रार त्यात सरळ लिहिली आहे: शिकारी येतात ते न पेलणारा धक्का असलेल्या मॅग्नम घेऊन, आणि त्यांना त्या अचूक चालवता येत नाहीत. ३०-०६ जितकी अचूक मारता तितकीच मोठी रायफल मारता येत असेल तरच ती आणा, असा एकूण सूर. धक्क्याला घाबरलेल्या माणसाला चोवीस पट देऊन काय होणार? हाताचा थरथराट चोवीस पट दिसेल. कोडियाकला अस्वल चार वर्षांतून एकच मिळतं आणि जखमी करून हरवलेलंही त्यातच मोजतात.

चौथा मुद्दा, "एअरगनचा स्कोप काहीही सोसतो." स्प्रिंगची एअरगन दोन्ही दिशांनी झटका देते आणि चांगले महाग स्कोप तिच्यावर फुटतात, हे मान्य. पण तिच्या स्कोपात डोळ्यासाठी इतकी मोकळी जागा सहसा नसते. तेवढ्यावरच तो बाद.

पाचवा, मोठ्या भिंगाने संधिप्रकाशात जास्त उजेड. पट सारखे असतील तर बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करतो. पण भिंगाच्या व्यासाला पटींनी भागा. ५० भागिले २४ म्हणजे दोन मिलिमीटरचा प्रकाशझोत. चार पटीचा, पुढे २४ मिलिमीटरचं भिंग असलेला स्कोप घेतला तर २४ भागिले ४ म्हणजे सहा मिलिमीटरचा. अंधारात माणसाची बाहुली फार तर सातपर्यंत उघडते, वय झालं की पाच. जास्त उजेड कुठे आहे ते तुम्हीच बघा.

सहावा मुद्दा, "कमी पटीचे स्कोप म्हाताऱ्यांसाठी." यावर वेळ घालवत नाही. आफ्रिकेत रेडा मारायला जाणारे अशाच रायफलींवर असेच स्कोप लावतात.

आता भाच्याला. १-४, १.५-५ किंवा १-६ पटींचा, पुढे न फुगलेल्या सरळ नळीचा, जाड क्रॉसहेअरचा (नेमाच्या फुलीचा) स्कोप घे. बसवताना रिंगा सैल ठेव. जाड कोट घालून उभा राहा, गुडघ्यावर बस, पालथा पड, चढावर नेम धर. या सगळ्यांत डोळा जिथे सर्वांत जवळ येईल तिथे चार इंच राहतात का ते मोज, आणि मगच टॉर्क रेंचने (मोजक्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळ. चालताना पट सर्वांत कमीवर ठेवायचे. गाइड आत्ताच ठरव, कारण बाहेरच्या राज्यातल्या माणसाला अस्वलाच्या शिकारीला गाइड नाहीतर इथे राहणारं जवळचं नातं लागतं, आणि अलास्काच्या त्या यादीत आई-बाप, भावंडं, आजी-आजोबा आहेत, मामा नाही.

पार्सल मंगळवारी येतंय म्हणालास. खोका उघडू नकोस, तसाच परत पाठव.