घड्याळातलं बीपी आणि बाबांची अर्धी गोळी

चार महिने बाबांचं वरचं बीपी १२० ते १२६ च्या मधे होतं. म्हणजे घड्याळात. सकाळी उठल्यावर, फिरून आल्यावर, रात्री झोपताना, कधीही बघा, आकडा तिथेच. "आलं बघ आटोक्यात," असं म्हणून त्यांनी कुणालाही न विचारता गोळी अर्धी केली. घड्याळ मीच दिलं होतं, वाढदिवसाला.

मग नेहमीच्या तपासणीला गेलो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. १६८/९८. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं, १६४/९६. दुसऱ्या दंडावरही जवळपास तेच. त्याच वेळी बाबांच्या मनगटावर १२३/७९ दिसत होतं. तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. म्हणून लिहितेय.

पट्टा न आवळता बीपी सांगणारं घड्याळ बीपी मोजत नाही, अंदाज बांधतं. हा फरक नीट समजून घ्या.

दंडावरचं मशीन काय करतं? पट्टा फुगवून धमनी दाबतं, रक्त थांबेपर्यंत. मग हवा हळूहळू सोडताना रक्ताचे ठोके पट्ट्यात जी थरथर उठवतात ती पकडतं आणि त्यावरून वरचा-खालचा आकडा काढतं. म्हणजे दाबाला दाबानेच ताडून पाहतं. इटलीचे डॉक्टर रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाचा पट्टा आणला, १९०५ मध्ये रशियाचे डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने ऐकू येणारे आवाज सांगितले. उपकरणं बदलली, पण धमनी दाबायची ही रीत आजही तीच आहे.

घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा असतो. प्रत्येक ठोक्याला त्वचेखालचं रक्त थोडं वाढतं, थोडं ओसरतं. त्यामुळे परत येणारा उजेड कमी-जास्त होतो आणि त्याची लाट मिळते. नाडीचे ठोके मोजायला ही युक्ती फार चांगली आहे. पण उजेडाला दाब दिसत नाही. लाटेच्या आकारावरून गणिताने दाब 'काढला' जातो, आणि ती लाट थंडीने बदलते, हात हलल्याने बदलते, पट्टा सैल असला तरी बदलते, वयाने धमन्या ताठ झाल्या तरी बदलते, बीपीच्या गोळीनेसुद्धा बदलू शकते. ढग बघून पाऊस येईलसं वाटतं हे ठीक. किती मिलिमीटर पडला हे पर्जन्यमापकच सांगणार.

सगळी घड्याळं एकाच मापाने तोलत नाही मी. ओमरॉनच्या हार्टगाइडच्या पट्ट्यातच फुगणारी पिशवी आहे. त्याला २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची, मान्यता मिळाली. हुआवेच्या वॉच डीमध्येही तशीच पिशवी आहे. ही घड्याळं खरोखर दाबून मोजतात, फक्त मनगट हृदयाच्या पातळीवर धरावं लागतं. हात १० सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा सात-आठने चढतो.

सॅमसंगची पद्धत वेगळी. आधी दंडाच्या मशीनवर बीपी घेऊन तो आकडा घड्याळाला द्यायचा, आणि हे दर २८ दिवसांनी पुन्हा करायचं. म्हणजे घरात खरं मशीन लागतंच! ॲपलने २०२५ मध्ये आणलेली सोय तर आकडा दाखवतच नाही. ३० दिवसांच्या नोंदी पाहून उच्च रक्तदाबाची शक्यता वाटली तर सूचना देते, आणि सगळ्यांचं बीपी यात सापडणार नाही हे कंपनी स्वतःच सांगते. मला हीच वाट प्रामाणिक वाटते. शंका आहे तर शंका म्हणून सांगा. फक्त सूचना आली नाही म्हणजे बीपी नाही, असा अर्थ कुणी काढू नये.

माझा राग आहे तो उरलेल्यांवर. बाबांच्या घड्याळाने कधी खरं बीपी विचारलंच नाही. वय, उंची आणि वजन भरायला लावलं, झालं. आणि आकडा मात्र असा ठाम, की वाचणाऱ्याला शंका येऊ नये. 'वैद्यकीय वापरासाठी नाही' हे वाक्य माहितीपत्रकात बारीक अक्षरात सापडलं, तेही मी शोधायला गेले म्हणून. साठी ओलांडलेला माणूस ते वाचणार आहे का? मोजलेलं नसेल तर बीपीचा आकडा पडद्यावर दाखवायची परवानगीच असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एफडीएनेही सप्टेंबर २०२५ मध्ये लोकांना सावध केलं, की मान्यता नसलेल्या उपकरणांवर बीपी मोजू नका. युरोपच्या उच्च रक्तदाब तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ मध्येच सांगितलं होतं, की फुगणारा पट्टा नसलेली उपकरणं निदानासाठी किंवा उपचार ठरवण्यासाठी वापरू नयेत.

"आकडा चुकला तरी चढ-उतार तर कळतो ना?" असं एका मैत्रिणीने विचारलं. बाबांचं बीपी गोळी अर्धी केल्यावर चढलं असणार, आणि घड्याळातली रेघ चार महिने सरळच होती. चुकून जास्त दाखवणारं घड्याळ माणसाला निदान डॉक्टरांकडे तरी पाठवतं. चुकून 'नॉर्मल' दाखवणारं घरी बसवतं. त्यातून बीपी बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. शरीराकडून इशारा येत नाही, म्हणून तर आपण आकड्यावर विसंबतो.

आता आमच्याकडे दंडाचं मशीन आहे. पट्टा दंडाच्या मापाचा बघून घेतला, कारण लहान पट्टा आकडा उगाच वाढवतो. आधी अर्धा तास चहा-कॉफी नाही. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. मधे बोलायचं नाही (बाबांना हेच सगळ्यात अवघड जातं). मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत. घरी सरासरी १३५/८५ किंवा त्यावर राहायला लागली तर डॉक्टरांना कळवायचं.

गोळी पुन्हा पूर्ण सुरू झाली, जोडीला दुसरी एक आली. घड्याळ बाबांच्या हातात अजून आहे, पावलं मोजायला. बीपीचा भाग मी बंद करून टाकलाय. काल सकाळी वहीत १३४/८२ आणि १३१/८० लिहिलंय, त्यांच्याच अक्षरात.