थर्माकोलवरचं सुगरणीचं घरटं

आज एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सुगरणीचं घरटं मांडलेलं पाहिलं. थर्माकोलवर आडवं चिकटवलेलं, वर स्केचपेनने ‘निसर्गाचा इंजिनिअर’. वीण अजून हिरवट, आत शिरायची लांब नळी पूर्ण, आणि नळीच्या तोंडाशी गडगडत आलेलं एक पांढरं अंडं. वर दुसरं बक्षीस!

अहो, नळी पूर्ण म्हणजे बिऱ्हाड बसलेलं. नाव सुगरण असलं तरी विणतो नर. शिरस्त्राणासारखं अर्धं घरटं झालं की मादी येऊन पारखते. तिला पटलं तरच तो नळी उतरवतो, आणि मग दुसरीसाठी नवं घरटं घ्यायला मोकळा. पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला बसून हाच संसार उलगडला. आणि आपण भर पावसाळ्यात तोच तोडून आणतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं, घरटी विस्कटणं शिकारीतच धरलंय. शाळेला हे कुणी सांगायचं?

हातात घेतल्याशिवाय पोरांना घरटं कळत नाही, मान्य. मग जानेवारीपर्यंत थांबा की! वाऱ्याने बाभळीखाली, विहिरीच्या काठाला पडलेली उचला. लटकणाऱ्याला हात नको, जुन्या खोप्यात थंडीत मुनियांसारखे छोटे पक्षी राहायला येतात. आणलेलं घरटं पिशवीत घट्ट बांधून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर आतल्या बारीक किड्यांनी सगळा वर्ग खाजवत बसेल. मग ओल्या फडक्यात अर्धा तास गुंडाळा. कोरडं उसवलं की पात्यांचा भुगा होतो, ही नेहमीची चूक. पांढऱ्या कागदावर, चिमट्याने, नळीच्या टोकापासून सुरुवात करा. ते शेवटी विणलेलं, म्हणून आधी सुटतं. धागे पट्टीने मोजा, मोठे वेगळे, बारीक वेगळे. आत चिखलाचे वाळलेले गोळे लागतील. ते कशासाठी, यावर पोरांना भांडू द्या, पक्षीतज्ज्ञही भांडतात.

आणि खरी मजा पुढे आहे. भाताचं किंवा कुठल्याही लांब गवताचं हिरवं पातं घ्या, कडेला नखाने खाच पाडून पट्टी ओढा. पक्षी चोचीने हेच करतो. आता एका हातात चिमटा, दुसरा हात पाठीमागे, आणि फांदीच्या बेचक्यात नुसतं एक कडं विणून दाखवा. पहिली गाठच सुटत राहते. वाळलेलं पातं तर वळतानाच तुटतं. पावसाळ्यातच का विणतात, हे मग सांगावं लागत नाही.

बाईंवर तरी किती चिडायचं? प्रकल्पाच्या वह्या त्यांनाच भरायच्या असतात.

पण ते अंडं डोळ्यांसमोरून जात नाही. एक पोरगा नळीतून आत बोट घालून विचारत होता, “हा आडवा बांध कसला?” कोणी उत्तर दिलं नाही. उंबरठा आहे रे तो. घरटं टांगलेलं असताना वाऱ्याने कितीही झुललं तरी अंडी नळीत घरंगळू नयेत म्हणून. आडवं ठेवलं की त्याचा काही उपयोग नाही.