भावना दुखावून घ्यायच्या असतील तर

भावना आपोआप दुखावतात हा गैरसमज आहे. त्यासाठी मेहनत घ्यावी लागते आणि नवशिके सुरुवातीलाच चुकतात: समोरच्याची पोस्ट शेवटपर्यंत वाचतात. शेवटपर्यंत वाचलं की निम्मा राग तिथेच उतरतो. म्हणून आधी आडनाव पाहावं. त्यावरून अंदाज येत नसेल तर प्रोफाइल फोटोमागचा झेंडा पाहावा, तोही नसेल तर स्वारी कुणाकुणाला फॉलो करते ते. एवढं करूनही पत्ता लागला नाही, तर माणूस धोकादायक समजावा. त्याला स्वतःचं मत असू शकतं.

मत ताजंच हवं असं नाही. दहा वर्षांपूर्वीची पोस्ट लोणच्यासारखी मुरलेली असते, जास्त झोंबते.

आता स्क्रीनशॉट. सगळी कला इथे आहे. समजा कुणी लिहिलंय, ‘गणपतीची मिरवणूक नको असं मी म्हणत नाही. रात्री दहानंतर डीजे बंद ठेवा, एवढंच.’ मोबाइलवर पहिली ओळ बहुधा ‘मिरवणूक नको’ इथेच तुटते. कात्री तिथेच चालवा. नाव आणि फोटो ठेवा, बाकी सगळं उडवा. खाली त्याने ध्वनिप्रदूषण नियम 2000 काढून निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा दिली असेल, तर ती ओळ सर्वांत आधी कापा. आकड्यावर भावनेने मात करता येत नाही, हा या धंद्यातला जुना अनुभव आहे.

हे झटपट उरका. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी पुसता येतो. लिहिणाऱ्याला शहाणपण सुचायच्या आत फोटो गॅलरीत पडलेला हवा. पुढे पाठवताना थेट फॉरवर्ड दाबू नका. मेसेज पाच हातांतून फिरला की त्याला दुहेरी बाण चिकटतो आणि मग तो एका वेळी एकाच चॅटला जातो. प्रत्येक वेळी नवा स्क्रीनशॉट काढून पाठवा. बाण जातो आणि पोस्ट तुमच्या मामेभावाने प्रत्यक्ष पाहिल्यासारखी वाटते.

कमेंटमध्ये मुद्द्याला हात लावू नये. ‘तेव्हा कुठे होतात?’ हे वाक्य पुरतं. कुठल्या ‘तेव्हा’बद्दल बोलतोय ते सांगू नका, सांगितलं तर तो खरंच तेव्हाची पोस्ट काढून दाखवेल. फारच चिवट निघाला तर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढायला पुण्यातल्या मंडळींना खांदेकरी जमवून रस्त्यावर उतरावं लागलं होतं. तुम्हाला ती चहा पिता पिता काढता येते.

ग्रुपवर विरुद्ध मत दिसलं तर त्या माणसाशी बोलूच नका, अ‍ॅडमिनला फोन करा. ‘उद्या पोलीस तुम्हालाच उचलतील’ एवढं म्हटलं की दहा मिनिटांत ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ ही सेटिंग लागते. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्येच म्हटलंय. अ‍ॅडमिनच्या कानावर हे जाऊ देऊ नका.

आणि मग पोलीस ठाणे. तक्रारीत ‘66 अ’ लिहू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं हे कलम फार गुणी होतं. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टवरून अटक झाली, तेव्हा हेच कामी आलं. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. उत्साह मात्र नडला. त्या अटकांनंतर एका तरुणीने याचिका केली आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अख्खं कलमच मोडीत काढलं. लाकूड फुटायच्या ऐवजी कुऱ्हाडीचा दांडा मोडावा, तसं झालं. तरी पुढे कित्येक वर्षं या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात होते, न्यायालयाला 2022 मध्ये पुन्हा सांगावं लागलं. परंपरा जपणारी माणसं आपल्याकडे सगळ्याच खात्यांत आहेत.

आता भारतीय न्याय संहितेतलं 196, 299 किंवा 353 वापरा. घोळ होतो तो असा: 299 ला धार्मिक भावना दुखावल्या एवढं पुरत नाही, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने दुखावल्या हे दाखवावं लागतं. शिवाय नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 (3) नुसार, उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवस प्राथमिक चौकशी होऊ शकते. अभिव्यक्तीच्या प्रकरणांत हाच रस्ता धरणं योग्य, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये एका कवितेवरचा गुन्हा रद्द करताना सांगितलं. चौदा दिवसांत कुणीतरी पूर्ण पोस्ट वाचण्याची भीती असते.

त्याहून मोठी अडचण नागपूरचीच. तिथल्या उच्च न्यायालयात असताना न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगून ठेवलंय की, शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने मोजायचा, दुबळ्या आणि डळमळीत मनाच्या माणसाच्या नव्हे. न्यायालयं आजही हीच फूटपट्टी काढतात. म्हणजे तक्रारीत तुम्ही शूर असायला हवं आणि एका ओळीने कोसळायलाही हवं. वकील यातून मार्ग काढतात, पण फी वेगळी पडते.

तुमचीच पोस्ट कुणी उडवली तर ताबडतोब राज्यघटनेचं कलम 19 (1) (अ), म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य. समोरच्याला मात्र 19 (2), म्हणजे त्या स्वातंत्र्यावरची बंधनं ऐकवा. त्यातली आठ कारणं कुणी वाचून दाखवायला लागलं तर विषय बदला. ‘आमच्या भावना’ हे नववं कारण तिथे छापायचं राहून गेलंय.

तक्रार देण्याआधी स्वतःचं प्रोफाइल साफ करायला विसरू नका, समोरच्यालाही स्क्रीनशॉट काढता येतो. खाली खाली जात राहा. घरात तान्हं मूल होतं त्या वर्षीची पोस्ट सापडेल: ‘रात्रीचा दीड वाजलाय, डीजे चालूच आहे. बाळ दचकून उठतंय. कुणी बोलणार आहे की नाही?’ खाली एकच लाइक असेल, ज्याच्याविरुद्ध तक्रार लिहिताय त्याचा. पोस्ट पुसा. लाइक आपोआप जातो.