‘अजून पिता येते’ म्हणे ती १७०० वर्षांपूर्वीची वाइन

‘१७०० वर्षं मुरलेली, जगातली सर्वांत जुनी वाइन, अजून पिता येते’ असा मेसेज फोटोसकट फिरतोय. बाटली खरी आहे. १८६७ साली जर्मनीत श्पायरजवळ रोमन थडग्यात सापडली. दीड लिटरची, डॉल्फिनच्या आकाराचे कान असलेली. पण ‘मुरलेली’ वगैरे काही नाही. लोणच्यावर आपण तेल ठेवतो, तसा वाइनवर ऑलिव्ह तेलाचा जाड थर होता, तोंडाला मेण. म्हणून द्रव उरला. अल्कोहोल केव्हाच गेलं. आत दिसतो वर राळेसारखा घट्ट गोळा, खाली पाण्यासारखा द्रव. संग्रहालयाने बाटली उघडलेलीच नाही, मग चव घेतली कोणी? आणि ‘सर्वांत जुनी’ हा मानही गेला. स्पेनमधल्या कार्मोनात २०१९ मध्ये मिळालेल्या काचेच्या कलशातली लालसर वाइन पहिल्या शतकातली असल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. तिच्यात मात्र माणसाच्या अस्थी होत्या.